माटवीवर टांगलेली बिअर

गणपतीच्या आदल्या दिवशी मी माझ्या मुलाची होऊ घातलेली नोकरी कात्रीने कापली आणि देवाच्या डोक्यावर टांगली. कापताना मी गुणगुणतही होते. शिडीवरून पडले नाही, बोट कापलं नाही, आयर्लंड असूनही पाऊससुद्धा आला नाही. मला अडवायची संधी ज्याला ज्याला होती, त्या सगळ्यांनी त्या दिवशी माझ्याशी संगनमत केलं होतं.

गोष्ट दोन हजार अकराची, एनिस गावातली. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची तरुणी होते. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून उठून पाच वर्षं झाली होती, पण खुर्ची काही माझ्यातून उठली नव्हती. जगात मला न समजणारी गोष्ट अजून निर्माण व्हायची आहे, अशी त्या बाईची पक्की समजूत होती. आता पंचाहत्तरी ओलांडून मी तिच्याकडे मागे वळून बघते, तेव्हा तिला वर्गाबाहेर अंगठे धरून उभं करावंसं वाटतं.

मुलाची शॅननची सॉफ्टवेअर कंपनी गाशा गुंडाळून गेल्याला वर्ष उलटून गेलं होतं. तिकडे तेव्हा मंदी होती, रोज कुणाची ना कुणाची नोकरी जात होती. सून हॉस्पिटलात नर्स, घर तिच्या पगारावर चाललेलं. नऊ वर्षांची नात. आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली मी, म्हणजे सगळ्यांना सल्ला द्यायला एक माणूस होतंच.

भाड्याच्या त्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीला मुलाने चार दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर वेल चढवली होती. नोकरी असताना हौसेने लावलेली. आता तिसऱ्या वर्षी ती माडीच्या खिडकीपर्यंत पोचली होती. काय तिची वाढ. सकाळी कुंपणाच्या खालच्या फळीशी असलेलं टोक संध्याकाळी वरच्या फळीवरून डोकावायचं. पानं साधारण द्राक्षासारखी, देठ असा खरखरीत की हात लावला की मांजराने ओरबाडल्यासारखे चट्टे उठायचे. मी विचारलं, "ही कसली रे वेल?"

"शोभेची आहे, आई."

"फळ येतं?"

"नाही."

"फूल?"

"येतं. म्हणजे, तसं फूल म्हणता येणार नाही."

"मग उपयोग काय?"

"शोभा," तो म्हणाला आणि घाईघाईने आत गेला.

आता बघा, हा माझ्या हाताखालून चौथी पास झालेला मुलगा. खोटं बोलताना त्याचा डावा कान लाल होतो, हे मला तो बालवाडीत असल्यापासून ठाऊक. कान लाल झालेला मी बघितला आणि मनात म्हटलं, इथलं ऊन त्याला बाधतं.

वेलीशी त्याचं काय चाललं होतं ते मला कळेना. सकाळी उठून तो तिच्याजवळ जाऊन बसायचा. ऑगस्टात तिला हिरवी बोंडं लागली, अंगठ्याच्या पेराएवढी, पापुद्र्यांवर पापुद्रे असलेली, घोसाघोसांनी लटकणारी. त्यातलं एखादं तोडायचा, तळहातावर चुरडायचा, नाकाशी धरायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. नोकरी गेलेला मुलगा वेलीचा वास घेत डोळे मिटून उभा आहे, हे कुठली आई नुसती बघत बसेल? मी त्याची दृष्ट काढायचं ठरवलं. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. छतावरची धुराची घंटा अशी काही केकाटली की शेजारीण अंगणात आली. नातीने तिला कुंपणावरून सांगितलं, "इट्स ग्रँड. इट्स ओन्ली माय आजी."

एकदा मी वेलीला मदत करायला गेले. एक फांदी दोरी सोडून लोंबत होती, ती मी दोरीभोवती छान गुंडाळून दिली. दुसऱ्या दिवशी ती सुटलेली. पुन्हा गुंडाळली, पुन्हा सुटली. मग निरखून बघितलं, तर बाकीच्या सगळ्या फांद्या दोरी उजव्या हाताला ठेवून गोल जात होत्या, आपण देवळात जातो तशा. मी तिला उलटी प्रदक्षिणा घालायला लावत होते आणि ती ऐकत नव्हती. त्या विदुषीने ताबडतोब निष्कर्ष काढला: वेल धार्मिक वळणाची आहे. सूनबाईला मी तसं म्हटलंसुद्धा. ती कपडे घडी करता करता खोकली. खोकला बराच वेळ चालला.

आता माटवीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सूनबाई पुण्याची, आणि तिलाही ते सांगावं लागलं होतं. आमच्या सिंधुदुर्गाकडे गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातून आणलेल्या वस्तू बांधतात: कवंडळाची फळं, हरणाची रानफुलं, नारळ, सुपारीचा घड, तवशी म्हणजे गावठी काकडी, जे जे त्या दिवसांत पिकलेलं असेल ते सगळं. ती माटवी. पुणेकरांना मखर ठाऊक, थर्माकोलचं; देवाला डोक्यावर रान लागतं हे त्यांच्या गावी नाही. आणि माटवीचा एक नियम आहे. एकदा बांधली की विसर्जन होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. पोरांनी लहानपणी त्यातली काकडी चोरून खाल्ली तर आम्ही धपाटे घालत आलो आहोत.

मुलाच्या स्वयंपाकघरात छताला कपडे वाळत घालायची लाकडी चौकट होती. दोरी ओढली की वर जायची, सोडली की खाली यायची. सूनबाईचे हॉस्पिटलातले गणवेश तिच्यावर वाळायचे. खाली भिंतीशी भली मोठी लोखंडी शेगडी धगधगत असे. मी आले त्याच दिवशी मनात ती चौकट माटवी म्हणून नेमून टाकली होती.

तर गणपतीच्या आदला दिवस. सून कामावर, नात शाळेत, मुलगा मूर्ती आणायला डब्लिनला गेलेला. माझा हरतालिकेचा उपास, डोकं हलकं झालेलं. लिमरिकच्या दुकानातून आणलेला नारळ बांधला. तवशी नव्हती, लांब हिरवी काकडी बांधली. रस्त्याकडेच्या बांधावरची केशरी फुलं आणली, लाल झुंबरांसारखी लोंबती फुलं आणली, काटे टोचून घेत काळी बोरं आणली. तरी चौकट उघडीबोडकी. दुःखी चेहऱ्याने मी खिडकीबाहेर बघितलं. आणि बाहेर ती उभी होती, घोसांनी लगडलेली, धार्मिक वळणाची, जिला शोभेखेरीज दुसरा उपयोग नाही अशी वेल.

चारही दोऱ्यांवरची कापली. कमरेच्या उंचीवरून. एक फांदी ठेवली नाही. माझं काम असं अर्धवट नसतं.

चौकट वर ओढली आणि काय सांगू, असली माटवी आमच्या गावातही कुणाकडे झाली नसेल. छतभर हिरवे घोस, खोलीभर एक विचित्र रानटी वास, थोडा लिंबाच्या सालीसारखा, थोडा लसणीसारखा. मी खुर्चीवर बसून स्वतःच्या कर्तबगारीकडे बघत राहिले.

संध्याकाळी मुलगा आला. हातात मूर्ती, तोंडावर रुमाल झाकलेली. मी दारात त्याच्या पायांवर पाणी घातलं, मूर्तीला ओवाळलं, आणि तो स्वयंपाकघरात आला आणि त्याने वर बघितलं.

 हातात गणपती असलेला माणूस काय बोलणार. डावाच काय, दोन्ही कान पांढरे पडले. मागून सून आली, डोक्यावरची टोपी काढत, तिनेही वर बघितलं आणि खुर्चीवर बसली.

"आई," तो म्हणाला, "ही वेल."

"शोभेला लावली," मी म्हणाले.

"ती... शोभेची नाहीये."

"तूच म्हणालास."

"म्हणालो. पण ती लागते."

"कशाला लागते?"

"एका पेयाला."

"सरबताला?"

"साधारण तसंच."

"बिअरला, आई," सूनबाई बूट काढत म्हणाली. "ते हॉप्स आहेत. त्यांनी बिअरला कडवटपणा येतो. जिन्याखालच्या कपाटात तुम्ही ज्या डब्याला लोणच्याची बरणी समजून रोज पुसता ना, त्यातही तीच आहे."

तिने हे इतक्या सरळ सांगितलं की मला राग कुणावर धरायचा ते कळेना. आमच्या शाळेत मी दरवर्षी दारूबंदीची प्रभातफेरी काढत असे. पुढे फलक धरून कोण चालायचं? हाच. सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? ह्याचाच. म्हणून बिचारा चाळिशीतही आईला "बिअर" हा शब्द ऐकवू शकत नव्हता आणि तीन वर्षं वेल शोभेची म्हणून वाढवत होता.

मग उरलेलं कळलं. गावाबाहेर एक जण होता, बापाच्या शेतावरच्या जुन्या गोठ्यात बिअरचा छोटासा कारखाना काढलेला. त्याला एक पिंपभर बिअर ताज्या हॉप्सची करायची होती, वेलीवरून उतरवलेले त्याच दिवशी कढत पाण्यात पडले पाहिजेत अशी. आसपास कुणाकडे इतकी वेल नव्हती. शनिवारी तो गाडी घेऊन येणार होता. ते पिंप चांगलं उतरलं तर तो मुलाला आपल्याबरोबर कामाला घेणार होता. वर्षभरात मुलाला कुणी "ये" म्हटलेलं ते एवढंच.

"मी आत्ता फोन करतो त्याला," मुलगा म्हणाला. "उद्या सकाळीच घेऊन जायला सांगतो. कापून काही तासच झालेत, चालतील कदाचित. आई, मी खाली काढतो हे."

आणि इथे, वाचकहो, त्या बाईला शहाणपणाची शेवटची संधी होती. तिने काय म्हणावं?

"माटवीला विसर्जनापर्यंत हात लागायचा नाही."

"अजून पूजा कुठे झालीय?"

"देव घरात आलाय. तुझ्या हातात आहे."

त्याने हातातल्या मूर्तीकडे बघितलं. मूर्ती जागेवर ठेवली, नमस्कार केला आणि तो मागच्या अंगणात जाऊन रिकाम्या दोऱ्यांखाली उभा राहिला. त्याने वाद घातला असता तर मी हरले असते. वादात मी नेहमी हरते, फक्त कबूल करत नाही. पण त्याने ऐकलं. आमचा गणपती पाच दिवसांचा. म्हणजे सोमवार संध्याकाळपर्यंत त्या वेलीला हात नाही.

नियम खरा होता. पण मी नियमामागे लपले होते तेही खरं. माझ्याशी खोटं बोलला ह्याचा राग होता, आणि स्वतःच्या मूर्खपणाची लाज होती, आणि ही दोन्ही सामानं ठेवायला देवाच्या मागे जागा भरपूर असते.

गुरुवारी पूजा झाली, आरती झाली, दीड तास धूप, उदबत्त्या, कापूर. धुराच्या घंटेवर मी आधीच ओला टॉवेल बांधला होता. शेगडी पेटलेली, वर मोदकांची वाफ. त्या गरमीत घोस दिवसागणिक सुकत चालले, आणि आम्ही खाली जेवायला बसलो की मुलगा मान वर करून त्यांच्याकडे बघायचा आणि पुन्हा पानात बघायचा. त्या गोठेवाल्याला त्याने फोनही केला नव्हता. काय सांगायचं तेच सुचत नव्हतं म्हणे.

शुक्रवारी सूनबाईला सुट्टी होती. दुपारी भांडी पुसताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, एक सांगू? तो रोज सकाळी शर्टाला इस्त्री करतो, बघितलंय तुम्ही?"

"बघितलंय. नीटनेटका आहे पहिल्यापासून."

"कुठे जायचं नसतं त्याला. इस्त्री करून घालतो आणि संध्याकाळी काढून ठेवतो." तिने ताट फडताळात ठेवलं. "ह्या गोठ्यातल्या माणसाला भेटून आला त्या दिवशी म्हणाला, पुढच्या वर्षी आपण नातेवाइकांना इकडे बोलावू. पुढच्या वर्षी. वर्षभर ह्या घरात कुणी पुढच्या आठवड्याबद्दलसुद्धा बोललं नव्हतं."

"मग तू का नाही माटवी उतरवलीस? तू तर पुण्याची."

"मी उतरवली असती तर तुम्ही मला आयुष्यभर ऐकवलं असतं," ती म्हणाली. "आणि तो तुम्हाला नाही म्हणत नाही. म्हणून तुम्हीच काय ते बघा."

मी रात्रभर बघितलं. म्हणजे छताकडे.

शनिवारी सकाळी आरती संपता संपता दारात गाडी थांबली. गोठेवाला चांगला सहा फुटांवर उंच, लाल चेहऱ्याचा, टोपी घातलेला. मुलगा काही बोलायच्या आत तो सवयीने घराला वळसा घालून मागे गेला, रिकाम्या दोऱ्या बघितल्या, आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला. मुलाकडे बघून विचारलं, "वेल कुठे गेली?"

 मग त्याने गणपती बघितला. टोपी काढली. आणि टोपी काढता काढता वास येऊन त्याची मान आपोआप वर गेली.

 मग सूनबाईला हळूच म्हणाला, "खाली बसलाय तो युअर मॅन," म्हणजे त्यांच्या बोलीत तो गडी, "तो काय ह्यांची राखण करतो का?"

"तसंच काहीतरी," सूनबाई म्हणाली.

त्याने हात वर केला. सहा फुटी माणसाला शिडी लागत नाही. त्याची बोटं घोसाला लागणार तोच मी म्हणाले, "थांबा." मुलगा दचकला. त्याला वाटलं, झालं, आता आई ह्यालाही नियम शिकवणार.

पण माझं ठरलं होतं. आमच्याकडे देवाजवळ काही मागायचं असेल, चूक कबूल करायची असेल, तर गाऱ्हाणं घालतात. मोठ्याने, सगळ्यांसमोर, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. गाऱ्हाणं घरातल्या पुरुषाने घालायचं, असा दुसरा एक नियम आहे. तो मी त्या दिवशी मोडला. नियम मोडायचेच होते तर एकावर थांबायचं कशाला. पदर खोचला, देवापुढे हात जोडले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा. आज तुझ्या पायाकडे उभी रवान गाऱ्हाणा घालतंय म्हाराजा."

 "व्हय म्हाराजा" असं पहिल्यांदा म्हटलं ते नातीने, तिच्या त्या आयरिश हेलात, म्हाराजाला असं वर चढवून की देवालाही वाटलं असेल कोण बोलावतंय.

"ह्या म्हातारेन कोणाक इचारल्याशिवाय दुसऱ्याचा पीक कापल्यान आणि तुझ्या डोक्यार टांगल्यान. ती चूक पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता मुलगाही.

"ह्या झिलान आवशीक खोटा सांगल्यान, शोभेची वेल म्हणान. ता पण पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," ह्या वेळी सर्वांत मोठा आवाज पुण्याचा होता.

गोठेवाला मुलाच्या कानात काहीतरी विचारत होता. मुलगा कुजबुजत सांगत होता. ती पहिलीच वेळ असेल त्याची, आईने देवाकडे केलेली स्वतःची चहाडी इंग्रजीत करून सांगायची.

"आता देव घरात आसतानाच आमी ही वेल खाली काढतंव म्हाराजा. तिचा जा काय होतला, गोड होवंदे, कडू होवंदे, त्याच्यातसून ह्या पोराक पोटापुरता काम मिळांदे. आणि ह्या पावण्याक पण बरकत दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गोठेवाला म्हणाला. टोपी छातीशी धरलेली. उच्चार कसाही असो, मनापासून म्हणाला.

मग मी स्वतः दोरी सोडली आणि चौकट खाली आली.

पुढचे दोन तास माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या, खरोखर उपयोगी पडलेल्या तासांपैकी आहेत. वेलीवरून बोंडं खुडायची होती, पान येऊ द्यायचं नाही, देठ येऊ द्यायचा नाही. जमिनीवर जुनी साडी अंथरली आणि सगळे भोवती बसलो. गोठेवाला मांडी घालता येईना म्हणून पाय लांब पसरून बसला. पन्नास वर्षं मेथी, चवळी, शेपू निवडलेली मी. माझा ढीग होईपर्यंत त्याचा पावकिलोही झाला नव्हता. त्याने माझ्या हातांकडे बघितलं, मग स्वतःच्या, आणि मुलाला म्हणाला, "तुझी आई माझ्याकडे कामाला येईल का?"

"व्हिसा नाही," मी म्हणाले.

बोटांना पिवळी चिकट भुकटी लागत होती. सवयीने मी एक बोट चाखलं. देवा रे. कारल्याच्या आजीची आजी. त्यानंतर खाल्लेला मोदकही कडू लागला, आणि तो मी कुणाला न सांगता गिळला, कारण सगळं माझ्याच हातचं होतं.

गोठेवाल्याने मूठभर बोंडं चुरडून वास घेतला आणि पहिल्यांदाच त्याचं कपाळ आक्रसलं. ताजी नव्हती ती. अर्धी सुकली होती, आणि चर्चमध्ये ठेवलेल्या कपड्यांसारखा वास येतोय म्हणाला. धूप, कापूर, दीड दीड तासाच्या आरत्या, सगळं त्या पापुद्र्यांत मुरलं होतं. मुलाने खोक्यांची झाकणं लावली, गाडीत चढवली आणि तोही गाडीत बसून गेला, कामावर घेतलं म्हणून नव्हे, हात लावायला म्हणून. संध्याकाळी उशिरा परतला, कपड्यांना भिजवलेल्या सातूचा वास. मी विचारलं, "काय म्हणाला?" तर म्हणाला, "उकळलंय. आता थांबायचं."

आणि आम्ही थांबलो. सोमवारी गणपती नदीवर नेला. रिकाम्या चौकटीवर पुन्हा गणवेश वाळू लागले. मुलगा रोज इस्त्री करत होता. मी त्याला काही विचारत नव्हते, तो मला काही सांगत नव्हता, आणि दोघेही फोन वाजला की आपल्या जागेवरून अर्धे उठत होतो. एके दिवशी मी त्याला म्हटलं, "अरे, नाही झालं तर माझ्यावर घाल. सांग की आई वेडी आहे." तो म्हणाला, "ते त्याला ठाऊक आहे, आई. त्याच्यासमोरच देवाला सांगितलंस ना तू."

सप्टेंबर सरला. पोरीची शाळा, सुनेच्या पाळ्या. जिन्याखालचा डबा मी अजूनही रोज पुसत होते, आता डोळे उघडे ठेवून.

एका दुपारी मी एकटीच घरात असताना दार वाजलं. गोठेवाला. हातात तपकिरी बाटली, वर चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. मुलगा घरी नाही म्हटलं तर म्हणाला, तुमच्याकडेच आलोय, मिसेस. स्वयंपाकघरात बसवलं. त्याने बाटली उघडली आणि माझ्यापुढे सरकवली.

प्रभातफेरीतले ते सगळे मुलगे डोळ्यांपुढून एका रांगेत गेले. पेला कुठला घ्यावा कळेना, म्हणून फुलपात्र घेतलं, पूजेचं नव्हे, दुसरं. दोन घोट ओतले. एक घोट घेतला. आधी कडू. मग फेस नाकात. मग, खोटं कशाला सांगू, कापूर; आणि त्याच्या मागोमाग आमच्या गावच्या देवळाचा गाभारा, ओला दगड, तेल, निर्माल्य, सगळं. जिभेवर असं देऊळ उभं राहिलं की मला हात जोडावेसे वाटले. डोळ्यांत पाणी आलं, ते कडूमुळे असं मी त्याला भासवलं.

"देवळासारखी लागते," मी म्हणाले. "वाया गेली ना?"

गोठेवाल्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, वरच्या रिकाम्या चौकटीकडे एकदा बघितलं, आणि त्याच्या त्या संथ इंग्रजीत म्हणाला, "मी मागितली होती ती बिअर ही नव्हेच, मिसेस. पण रविवारी शेजारी चव बघायला आले आणि पिंप कोरडं करून गेले. तुमच्या मुलाला सांगा, सोमवारपासून यायचंय. आणि गमबूट स्वतःचे आणायचे, माझे त्याला फार मोठे होतात."